विश्लेषण : युनायटेडचा ‘फ्लॉप’ दिएगो फोर्लान विश्वचषकाचा सर्वोत्तम खेळाडू कसा ठरला?

मँचेस्टर युनायटेडसाठी पहिला गोल करायला आठ महिने घेणारा स्ट्रायकर पुढे दोनदा युरोपचा ‘गोल्डन शू’ मिळवतो आणि २०१० च्या विश्वचषकात ‘गोल्डन बॉल’ही घेऊन जातो. तरीही इंग्लंडमध्ये अनेकांच्या लेखी तो ‘फ्लॉप’च. उरुग्वेच्या दिएगो फोर्लानची कारकीर्द ठाऊक असलेल्यांनी तरी हा शिक्का आता पुसायला हवा.

घरात फुटबॉल, मग टेनिसचे वेड का?

फोर्लानचे वडील पाब्लो १९६६ आणि १९७४ च्या विश्वचषकात उरुग्वेचे बचावपटू होते. आजोबा (आईचे वडील) हुआन कार्लोस कोराझो १९६२ च्या विश्वचषकात उरुग्वेचे प्रशिक्षक. अशा घरात जन्मलेल्या मुलाचा हात मात्र लहानपणी रॅकेटवर अधिक रमत असे. १९९१ मध्ये थोरली बहीण अलेहांद्राच्या गाडीला भीषण अपघात झाला. सोबत असलेला तिचा मित्र दगावला, तिला कायमची व्हीलचेअर आली. फोर्लान तेव्हा १२ वर्षांचा होता. घराला हातभार लावायचा तर फुटबॉलपटूच व्हायचे, हा निश्चय त्या काळातला, असे त्याने पुढे सांगितले. टेनिस काही सुटले नाही. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये, वयाच्या ४५ व्या वर्षी, तो माँटेव्हिडिओतील व्यावसायिक चॅलेंजर स्पर्धेत दुहेरीत खेळला. पहिल्याच फेरीत १-६, २-६ असा हरला, तो भाग वेगळा.

युनायटेडमध्ये नेमके काय बिनसले?

अर्जेंटिनाच्या इंडिपेंडिएंटेकडून खेळताना त्याच्यावर इंग्लिश क्लबांची नजर पडली. जानेवारी २००२ मध्ये तो मिडल्सब्रोकडे जाणार असे जवळपास ठरलेले असताना अॅलेक्स फर्ग्युसन यांनी सुमारे ६९ लाख पौंड मोजून त्याला ओल्ड ट्रॅफर्डला आणले. त्यानंतर सलग २६ सामने गोल नाही. सप्टेंबरमध्ये मकाबी हैफाविरुद्ध २७ व्या सामन्यात गोल झाला, तोही पेनल्टीवर. इंग्लिश माध्यमांना एवढे पुरेसे होते.

पण सामने मोजायचे की मिनिटे? फोर्लान युनायटेडकडून ९८ सामने खेळला, १७ गोल केले. यातील ६० हून अधिक सामन्यांत तो बदली खेळाडू म्हणून उतरला होता. शेवटच्या दहा-पंधरा मिनिटांसाठी मैदानात येणाऱ्याच्या गोलांना पूर्ण ९० मिनिटे खेळणाऱ्याच्या मापाने मोजणे म्हणजे टी-ट्वेंटीत सातव्या क्रमांकावर येणाऱ्या फलंदाजाकडे शतक मागण्यासारखे आहे. शिवाय पुढे कोण होता? रूड व्हान निस्टेलरॉय. त्याने २००२-०३ च्या हंगामात सर्व स्पर्धा मिळून ४४ गोल केले. फर्ग्युसन बहुतेकदा एकच खरा स्ट्रायकर पुढे ठेवत आणि त्याच्या मागे पॉल स्कोल्स असे. या रचनेत फोर्लानसाठी जागाच नव्हती. यात दोष फर्ग्युसन यांचा नाही. पण तो फोर्लानचाही नाही.

युनायटेडचे पाठीराखे मात्र त्याला विसरले नाहीत. डिसेंबर २००२ मध्ये अॅनफिल्डवर लिव्हरपूलचा गोलरक्षक येर्झी डुडेकच्या हातून चेंडू सुटला आणि फोर्लानने तो जाळ्यात ढकलला. काही मिनिटांत दुसरा गोल, सामना २-१. युनायटेडने तो हंगाम लीग विजेतेपदाने संपवला.

शेवटचा अंक बुटांचा. फर्ग्युसन यांनी लांब स्टडचे बूट घालायला सांगितले होते. फोर्लानला आखूड स्टड सोयीचे वाटत. चेल्सीविरुद्ध तो आखूड स्टडवरच उतरला, गोलसमोर घसरला आणि संधी गेली. सामना संपताच तो बूट बदलायला धावला, पण फर्ग्युसन यांनी त्याला गाठलेच आणि बूट भिरकावून दिले. हा किस्सा फोर्लाननेच नंतर सांगितला. २००४ च्या ऑगस्टमध्ये त्याने स्पेन गाठले.

स्पेनमध्ये असे काय बदलले?

माणूस तोच होता, पाय तेच होते. बदलला तो संघ. व्हियारेआलमध्ये प्रशिक्षक मॅन्युएल पेलेग्रिनी यांनी त्याला नियमित खेळवले, आणि मागून चेंडू पुरवायला हुआन रोमान रिकेल्मे होता. पहिल्याच हंगामात ला लिगात २५ गोल. सॅम्युएल एटोपेक्षा एक जास्त. युरोपचा गोल्डन शू त्या वर्षी थिएरी आँरी आणि फोर्लान यांना विभागून मिळाला.

२००७ मध्ये तो अॅटलेटिको माद्रिदला गेला. २००८-०९ मध्ये ३२ लीग गोल आणि दुसरा गोल्डन शू, या वेळी एकट्याचा. हा बार्सिलोनाने सगळे जिंकलेला हंगाम होता, त्यात एटोचे ३० आणि लिओनेल मेसीचे २३ गोल होते, हे लक्षात घेतले तर ३२ चे वजन कळते. पुढच्या वर्षी युरोपा लीगच्या उपांत्य फेरीत पुन्हा अॅनफिल्डवर त्याचा जादा वेळेतला गोल निर्णायक ठरला. अंतिम सामन्यात फुलहॅमविरुद्ध दोन्ही गोल त्याचे, दुसरा ११६ व्या मिनिटाला. अॅटलेटिकोला १९६२ नंतर प्रथमच युरोपीय करंडक मिळाला.

जाबुलानी त्यालाच का कळला?

२०१० च्या विश्वचषकातील ‘जाबुलानी’ चेंडूला गोलरक्षकांनी शिव्या घातल्या, स्ट्रायकरही वैतागले. जुन्या चेंडूंना ३२ तुकडे असत, याला फक्त आठ. शिवणी कमी, पृष्ठभाग गुळगुळीत. त्यामुळे फिरकी न देता जोरात मारलेला चेंडू हवेत डगमगत असे. त्यात जोहान्सबर्गची उंची आणि विरळ हवा. फोर्लानने हीच अडचण हत्यारासारखी वापरली. घानाविरुद्धची फ्री-किक हवेत वळून आत गेली. नेदरलँड्सविरुद्ध उपांत्य फेरीत डाव्या पायाने लांबून गोल, जर्मनीविरुद्ध उजव्या पायाने व्हॉली. दोन्ही पाय सारखेच चालणारा स्ट्रायकर आजही दुर्मीळ आहे.

त्याहून महत्त्वाची होती त्याची जागा. फ्रान्सविरुद्धच्या गोलशून्य सलामीनंतर प्रशिक्षक ऑस्कर तबारेझ यांनी त्याला लुईस सुआरेझ आणि एडिन्सन कवानी यांच्या मागे आणले. युरोपचा सर्वाधिक गोल करणारा माणूस, वयाच्या ३१ व्या वर्षी, इतरांसाठी खेळ उभा करू लागला आणि तरीही पाच गोल करून गेला. जर्मनीविरुद्ध शेवटच्या क्षणी त्याची फ्री-किक आडव्या खांबावर आदळली नसती, तर सहा झाले असते. पुणे शहराएवढ्या लोकसंख्येचा देश १९७० नंतर प्रथमच पहिल्या चारांत आला. पत्रकारांच्या मतदानात फोर्लानला २३.४ टक्के मते मिळाली. वेस्ली स्नायडर दुसरा. बॅलन डी’ओरच्या यादीत मात्र तो पाचवा. पहिले तिघेही बार्सिलोनाचे. क्लबची झळाळी पुरस्कारांवर किती पडते, याचा याहून ठळक पुरावा शोधायला नको.

पुढच्या वर्षी वर्षभराचा गोलदुष्काळ कोपा अमेरिकाच्या अंतिम सामन्यातच संपला. पॅराग्वेविरुद्धच्या ३-० विजयात दोन गोल त्याचे. आजोबा प्रशिक्षक म्हणून १९५९ मध्ये, वडील १९६७ मध्ये आणि तो २०११ मध्ये, असे एकाच घरातील तिघे दक्षिण अमेरिकेचे विजेते झाले. त्यानंतर उतरण. इंटर मिलानमध्ये लीगचे दोनच गोल. त्यातही अॅटलेटिकोकडून आधीच युरोपात खेळल्यामुळे चॅम्पियन्स लीगच्या साखळीत तो खेळूच शकला नाही. फ्लॉप म्हणायचेच असेल, तर या हंगामाला म्हणावे. ब्राझील, जपान, मग लहानपणापासूनचा पेन्यारोल. उरुग्वेसाठी ११२ सामने, ३६ गोल.

मुंबईत काय केले?

२०१६ मध्ये तो मुंबई सिटी एफसीचा मार्की खेळाडू झाला, तेव्हा ३७ वर्षांचा होता. इंडियन सुपर लीगमध्ये मार्की म्हणून आलेल्या अनेकांनी नाव दिले, खेळ दिला नाही. फोर्लानने अंधेरीच्या मैदानावर केरळा ब्लास्टर्सविरुद्ध हॅटट्रिक केली, सामना ५-० असा जिंकून दिला. पाच गोलांसह हंगाम संपवला आणि मुंबई सिटी साखळीत अव्वल राहून प्रथमच उपांत्य फेरीत पोहोचली. तेथे कोलकात्यातील पहिल्या लढतीत त्याला लाल कार्ड मिळाले आणि मुंबई २-३ ने हरली. अंधेरीतील परतीचा सामना मुंबई त्याच्याविना खेळली. ९० मिनिटांत एक गोल हवा होता. तो झाला नाही.