लसीच्या दिवशी आईचं पोटही तपासा

मा. संपादक,


बाळंतपणानंतर सुटलेलं पोट कसं कमी करावं, याबद्दल आपल्या महिला पुरवणीत नुकतीच पानभर माहिती वाचली. सकाळी जिऱ्याचं पाणी, दिवसभर पट्टा, रात्रीचा भात बंद आणि रोज पन्नास सिट-अप्स. सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगलाच असणार. पण बाळंतपणात पोटाला नेमकं काय होतं, हे त्या पानावर कुठेच नव्हतं. ते ठाऊक नसल्यामुळे मी स्वतः दहा महिने चुकीच्या वाटेने चालले. म्हणून हे पत्र लिहिते आहे.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. माझं दुसरं बाळंतपण सिझरचं. मुलगी दहा महिन्यांची झाली, तेव्हा एका विद्यार्थ्याच्या आईने मायेने विचारलं, “बाई, कितवा महिना?” वजन तर गरोदरपणाआधी होतं तेवढ्यावर आलं होतं. तरी संध्याकाळपर्यंत पोट फुगायचं आणि फळ्यासमोर तासभर उभं राहिलं की कंबर भरून यायची. अंथरुणातून उठताना पोटाच्या मधोमध, छातीपासून बेंबीच्या खालपर्यंत, एक उभा उंचवटा वर यायचा.

घरात याचं उत्तर तयार होतं: सिझरच्या वेळी पाठीत देतात त्या इंजेक्शनाचा हा परिणाम. आता माहीत आहे, की त्या इंजेक्शनाची जागा काही दिवस दुखू शकते, पण वर्षानुवर्षांच्या कंबरदुखीचं खापर त्याच्यावर फोडायला संशोधनाचा आधार नाही. सासूबाईंनी जुनं सुती लुगडं पोटाला आवळून बांधलं, डिंकाचे लाडू केले. त्या मायेबद्दल माझी काही तक्रार नाही. जिथे बाळंतपण झालं त्या दवाखान्यात विचारलं, तर कुणी पोटाला हातही न लावता “वजन कमी करा” म्हणाले. मग मोबाइलवर बघून सिट-अप्स आणि नौकासन सुरू केलं. उंचवटा आणखी ठळक झाला.

शेवटी एका मैत्रिणीच्या सांगण्यावरून एसटीने दीड तास प्रवास करून एका फिजिओथेरपिस्टकडे गेले. त्यांनी मला उताणं झोपवलं, गुडघे वाकवायला लावले आणि डोकं व खांदे जरासे उचलायला सांगितले. बेंबीच्या वर, बेंबीवर आणि बेंबीखाली बोटं आडवी ठेवून पाहिलं. साडेतीन बोटं आत गेली. या तपासणीला दोन मिनिटंही लागली नाहीत, आणि यंत्र, रक्त, सोनोग्राफी यातलं काहीच लागलं नाही.

त्यांनी समजावलं ते असं. पोटाच्या पुढच्या बाजूला दोन उभे स्नायू असतात आणि मधोमध चिवट ऊतींचा एक पांढरा पट्टा त्यांना जोडतो. गर्भाशय वाढतं तसा हा पट्टा ताणून रुंद होतो आणि स्नायू एकमेकांपासून दूर सरकतात. वैद्यकीय भाषेत याला डायस्टॅसिस रेक्टाय म्हणतात, फिजिओथेरपिस्टच्या तोंडी नुसतं ‘गॅप’. बाळाला जागा करून देण्याची ही शरीराची स्वाभाविक रीत आहे. शेवटच्या महिन्यांत थोडाफार गॅप जवळजवळ प्रत्येकीला पडतो, बाळंतपण साधं असो की सिझरचं. अनेकींचा तो पहिल्या आठ आठवड्यांत आपोआप बराच कमी होतो. काहींचा होत नाही. नॉर्वेत पहिलटकरणींच्या पाहणीत (तिचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले) सहा आठवड्यांनी ६० टक्के आणि वर्षानंतरही सुमारे ३३ टक्के बायकांमध्ये गॅप आढळला होता.

त्याच पाहणीत असंही दिसलं, की गॅप असलेल्या बायकांची कंबर इतरांपेक्षा जास्त दुखत होती असं नाही. हे मुद्दाम सांगते, कारण मला कुणाला घाबरवायचं नाही. माझी कंबर केवळ गॅपमुळे दुखत होती, असा माझा दावा नाही. वाकून पाजणं, मूल कडेवर घेणं, अपुरी झोप, हे सगळं त्यात होतं. पण पोटात काय झालंय ते मला कळलं असतं, तर मी उंचवटा वाढवणारा व्यायाम केला नसता आणि स्वतःला आळशी म्हणवून घेतलं नसतं.

उपचार इतके साधे होते, की आधी विश्वास बसेना. गुडघे वाकवून झोपायचं, श्वास हळूहळू सोडताना ओटीपोट आत ओढायचं आणि लघवी रोखताना आवळतो ते स्नायू सोबत आवळायचे. पोटाला आतून कंबरपट्ट्यासारखा वेढणारा सर्वांत खोलचा स्नायू यामुळे कामाला लागतो. ते जमल्यावर टाच जमिनीवरून सरकवत पाय लांब करणं, मग उभ्याने करायचे व्यायाम, शेवटी वजन उचलणं. उठताना सरळ न उठता कुशीवर वळून हाताच्या आधाराने उठायचं. मुलीला किंवा पाण्याची कळशी उचलताना श्वास रोखायचा नाही, सोडायचा. मधोमध डोंगर उभा राहिला, की ती हालचाल तुमच्यासाठी अजून जड आहे असं समजून एक पायरी खाली यायचं. चार महिन्यांत साडेतीन बोटांचा गॅप दीड बोटावर आला. त्याहून महत्त्वाचं म्हणजे बोटांखालची मऊ खाच घट्ट लागू लागली. कंबर आता संध्याकाळपर्यंत साथ देते.

व्यायामाने प्रत्येकीचा गॅप पूर्ण मिटतो असं नाही. बेंबीपाशी गाठ येत असेल, दुखत असेल, तर हर्निया आहे का हे सर्जननेच पाहायला हवं. पण आधी कुणीतरी पोटाला हात लावून बघायला नको का?

माझी मागणी एवढीच आहे. बाळाला दीड महिना झाला, की आई त्याला पहिल्या पेंटाव्हॅलंट लसीसाठी आरोग्य केंद्रात घेऊन येते. पुन्हा अडीच महिन्यांनी येते, साडेतीन महिन्यांनी येते. आशाताई दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईच्या घरी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी जातात. म्हणजे नेमक्या ज्या काळात तपासायला हवं, त्या काळात आई आरोग्यव्यवस्थेच्या समोरच असते. बाळाचं वजन होतं, लस होते, कार्डावर नोंद होते. बाळाला मांडीवर घेऊन बसलेल्या आईला मात्र कुणी काही विचारत नाही. आरोग्यसेविकेला ही दोन मिनिटांची तपासणी शिकवावी. माता व बाल संरक्षण कार्डावर तिच्यासाठी एक ओळ असावी. पहिल्या लसीच्या वेळी श्वासाचा आणि ओटीपोटाचा व्यायाम प्रत्येक आईला करून दाखवावा आणि तिसऱ्या लसीच्या वेळी पुन्हा मोजावं. तेव्हाही गॅप दोन बोटांहून मोठा असेल किंवा शिंकताना लघवी निसटत असेल, तर तिला फिजिओथेरपिस्टकडे पाठवावं.

आशाताई आणि आरोग्यसेविका आधीच कामाने वाकल्या आहेत, हे मी जाणते. म्हणून फिजिओथेरपी महाविद्यालयांची मदत घ्यावी. तिथल्या इंटर्नना आठवड्यातला एक दिवस लसीकरण सत्राला पाठवलं, तर मुलं शिकतील आणि बायकांची सोय होईल. जिल्हा रुग्णालयातली फिजिओथेरपी पक्षाघात, मोडलेली हाडं आणि गुडघे यांच्यासाठी आहे, असाच समज गावात आहे. बाळंतीणही तिथे हक्काने जाऊ शकते, हे तिला सांगायला हवं.

“आमच्या आज्यांनी पाच-पाच बाळंतपणं केली, त्यांचं कुठे काय अडलं?” असं मला हमखास ऐकवलं जातं. आजीला कधी विचारलंत का? माझ्या आजीचं अंग बाहेर यायचं. खोकताना ती मटकन खाली बसायची आणि लग्नकार्याला जायचं टाळायची. हे सगळं पोटाच्या गॅपमुळे होतं असं नाही. पण बाळंतपणाने शरीराचं काय झालं हे तिला कुणी विचारलं नाही, आणि तिने सांगितलं नाही. ते गप्प बसणं म्हणजे तब्येत ठणठणीत असणं, असं आपण धरून चाललो.

मला निदान सहा महिन्यांची पगारी रजा होती आणि फिजिओथेरपिस्टची फी देण्याची ऐपत होती. ऊसतोडीला जाणारी बाई तान्ह्या लेकराला पालावर ठेवून डोक्यावर मोळी उचलते. पन्नास सिट-अप्सचा सल्ला तिच्यापर्यंत पोहोचला नाही, हे बरंच झालं. पण लसीच्या दिवशी तीही आरोग्य केंद्राच्या रांगेत उभी असते. त्या दिवशी तिच्यासाठी दोन मिनिटं काढा.

आपल्या पुरवणीतही पोट सपाट करण्याआधी पोट तपासायला सांगावं, ही विनंती.

आपली नम्र,
एक प्राथमिक शिक्षिका, जि. सातारा