शिकाऊ म्हणायचे कोणाला?

अमेरिकेत सरकारी बांधकामावर मजुराला त्या भागातील प्रचलित दरापेक्षा कमी मजुरी देता येत नाही. १९३१ सालचा डेव्हिस-बेकन कायदा तसे सांगतो. केंद्र सरकारच्या २,००० डॉलरवरील बांधकाम-कंत्राटांना तो लागू आहे. सवलत आहे ती शिकाऊ कामगारापुरती. त्याला कारागिराच्या दराचे ठरलेले टक्केच द्यावे लागतात.

पण मालकाने हजेरीपटावर 'शिकाऊ' लिहिले की झाले, असे तिथे चालत नाही. सरकारमान्य प्रशिक्षण योजनेत त्या मुलाची स्वतःची नोंद हवी आणि तिचा पुरावा हवा. नोंद होईपर्यंत पहिले ९० दिवस उमेदवारीचे धरता येतात, तेही सरकारी कार्यालयाने त्याला पात्र ठरवले तरच. पुरावा नसेल तर तो ज्या कामाला हात लावतो त्याचा पूर्ण दर. शिवाय किती कारागिरांमागे किती शिकाऊ, हेही ठरलेले. त्यावरच्या मुलांनाही पूर्ण मजुरी.

काही कंत्राटदारांना ही कटकट वाटेल. मी व्यापारी माणूस, मला यात धंद्याची सोय दिसते. खोटे शिकाऊ दाखवणारा कमी भावाचे टेंडर भरतो आणि सचोटीचा माणूस घरी बसतो. कागद मागितला की दोघांचा भाव एका पातळीवर येतो.

आपल्याकडेही १९६१ च्या कायद्यात शिकाऊ उमेदवाराच्या कराराची नोंद सांगितली आहेच. तरी मागावरचा पोऱ्या पाच-पाच वर्षे 'शिकतोय' म्हणून अर्ध्या पगारावर राबतो. त्याचा करार कुठे नोंदला आहे, हे आपण व्यापारी माल उचलताना कधी विचारतो का?