दावा टाकला म्हणून घरी बसायचं?



इथे इंग्लंडात आपल्यापैकी कुणाची नोकरी गेली की पहिल्याच आठवड्यात फुकट सल्ल्यांचा पाऊस पडतो. त्यात एक सल्ला हमखास असतो: "अन्फेअर डिसमिसलची केस टाकतोयस ना, मग नवी नोकरी घेऊ नकोस. भरपाई बुडेल." माझ्या मते याच्याइतका महागात पडणारा सल्ला दुसरा नाही.

मुळात ट्रायब्युनल कंपनीला शिक्षा करत नाही, तुमचं नुकसान मोजतं. मनस्तापाचे पैसेही यात मिळत नाहीत, हे हाऊस ऑफ लॉर्ड्सने 2004 साली डनाची खटल्यात स्पष्ट केलं. वय आणि नोकरीच्या वर्षांवर ठरणारी बेसिक अवॉर्ड नवी नोकरी मिळाली तरी शाबूत राहते. कमी होते ती दुसरी रक्कम, बुडालेल्या पगाराची. आणि 1996 च्या एम्प्लॉयमेंट राइट्स अॅक्टचं कलम 123 सांगतं की हे नुकसान आटोक्यात ठेवायची खटपट तुम्हीही करायला हवी.

हिशेब करून बघा. हातात येणारा पगार महिना 4,000 पौंड. एकाने तीन महिन्यांत 3,500 ची नोकरी धरली. वर्षाचं नुकसान 12,000 अधिक नऊ महिन्यांचे 500 प्रमाणे 4,500, म्हणजे 16,500. दुसरा वर्षभर 48,000 च्या आशेवर घरी बसला. ट्रायब्युनलने ठरवलं की शोधली असती तर चौथ्या महिन्यात तेवढ्याच पगाराची मिळाली असती, तर त्याला मिळतील 12,000. उरलेले 36,000 त्याच्या खिशातून! (इतर वजावटी इथे धरलेल्या नाहीत.)

पण आपल्या लोकांचं दुसरंही टोक असतं. चार लोक काय म्हणतील म्हणून अर्ध्या पगाराची पहिली मिळेल ती नोकरी घेऊन मोकळे. कायदा एवढं मागत नाही. तुम्ही हातपाय हलवले नाहीत हे कंपनीने सिद्ध करायचं असतं, तुम्ही नाही. 2015 च्या कूपर कॉन्ट्रॅक्टिंग विरुद्ध लिंडसे या निकालात अपील ट्रायब्युनलने हेच नीट मांडलंय: तुमचं वागणं अवाजवी होतं का, एवढाच प्रश्न. ज्याच्यावर अन्याय झाला त्यालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायचं नाही. 1982 च्या एका खटल्यात तर 55 वर्षांच्या मॅनेजिंग डायरेक्टरने नोकरी न शोधता स्वतःची कन्सल्टन्सी काढली, आणि तेही वाजवी ठरलं. कॉन्ट्रॅक्टिंगचा विचार करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

व्हिसावाल्यांची गोष्ट वेगळी. स्पॉन्सर सुटला की होम ऑफिस साधारणपणे व्हिसा 60 दिवसांवर आणतं, त्यांचं पत्र आल्यापासून. तेवढ्यात लायसन्सवाली कंपनी शोधायची, मुलांची शाळा, घराचं भाडं... अशा माणसाला "मिळेल ते काम का नाही घेतलंस" असं विचारणं म्हणजे थट्टाच. त्याला मिळेल ते काम घ्यायची परवानगीच नसते. हे कारण दाव्यात लिहून द्या, समोरचा आपोआप समजून घेईल या भरवशावर राहू नका.

आणि कागद ठेवा. आपण इंजिनियर लोक बग लॉग ठेवतो, तसाच हा लॉग. कुठल्या तारखेला कुठे अर्ज केला, एजंटशी काय बोलणं झालं, नकाराची ईमेल, इंटरव्ह्यूला जायचं ट्रेनचं तिकीट. माझ्या एका टेस्टर मित्राने पन्नासेक अर्ज केले होते, पण निम्मे जुन्या ऑफिसच्या लॅपटॉपवरून, आणि तो लॅपटॉप कंपनीने परत घेतला. म्हणून सगळं स्वतःच्या ईमेलवर.

बाकी मुदतीचं म्हणाल तर, 2025 च्या कायद्याने नोकरीच्या कालावधीची अट, दावा टाकायची मुदत आणि भरपाईची कमाल मर्यादा हे सगळंच बदलायला घेतलंय. तेव्हा कुणा दादाच्या जुन्या अनुभवावर न जाता काढल्याच्याच आठवड्यात एकासला फोन करा. फुकट आहे.