दिवाणखान्यातला तारपा

प्रस्थापितांच्या फ्लॅटमध्ये हल्ली एक भिंत ‘आदिवासी’ असते. सोफ्याच्या मागची, बारा बाय दहाची. खाली गेरूच्या शेडचा महागडा पेंट, वर पांढऱ्या रेघांत तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवती हात गुंफून नाचणारी काडीची माणसं. पाहुणे ग्लास हातात घेऊन पुढे उभे राहतात आणि म्हणतात, किती निरागस! हा शब्द ऐकला की आमचं टाळकं सरकतं. ज्या हातांची अक्कल कबूल करायची नसते त्यांना निरागस म्हणायची या देशात जुनी रीत आहे.

दोस्तांनो, हे चित्र मुळात घरातलंच. डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर लग्न निघालं की कुडाची भिंत शेणाने सारवायची, तिच्यावर गेरू फिरवायचा, तांदूळ वाटून पांढरं पाणी करायचं आणि बांबूची काडी चावून तिचा कुंचला करायचा. सवाशिणी लग्नाचा चौक काढतात. चौकात पालघाट देवी, लहान चौकटीत घोड्यावरचा पंचशिऱ्या, भोवती झाडं, जनावरं, माणसं. धवलेरी गाणी म्हणते. चौकाशिवाय लग्न लागत नाही, भटाशिवाय लागतं. घर त्यांचं, भिंत त्यांची, चित्र काढणाऱ्या बायाही त्याच. मालक एक आणि मजूर दुसरा अशी फाळणी त्या भिंतीवर नव्हती.

भिंतीच्या बाहेर मात्र होती. याच लग्नासाठी सावकाराकडून चार पैसे उचलले की नवरा-बायको जन्मभर त्याच्याकडे राबायची. त्यांना लग्नगडी म्हणत. गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये हे सगळं लिहून ठेवलंय. १९४५ साली वारली लाल बावटा घेऊन उठला तो वेठ आणि लग्नगडी दोन्ही मोडायला. १० ऑक्टोबरला तलवाड्याला त्याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. म्हणजे फ्लॅटवाला ज्याला सजावट म्हणतो ते गहाण पडलेल्या माणसांचं लग्न आहे. तारपा उचलला, लग्नगडी गाळला. काय घ्यायचं आणि काय टाकायचं, हे प्रस्थापितांना शिकवावं लागत नाही.

हे चित्र शहरात आणणाऱ्यांत एक मराठी माणूस आहे, भास्कर कुलकर्णी. १९६६-६७च्या दुष्काळात सरकारी हस्तकला मंडळाने त्याला बिहारात मधुबनीला धाडलं. भिंती रंगवणाऱ्या बायांच्या हातात त्याने कागद दिला. नंतर तोच वारली पाड्यांवर आला आणि जिव्या सोमा म्हसे हे नाव जगापुढे गेलं. जिव्याला २०११ साली पद्मश्री मिळाली, २०१८ला तो गेला. कुलकर्णी आडनाव आहे म्हणून कामावर बोळा फिरवणारे आम्ही नाही. कागदाखाली सही करता येते. पाड्यावरच्या भिंतीला सहीची गरज नव्हती, कारण कुणी काढलं ते अख्ख्या पाड्याला ठाऊक असे.

मधुबनीतली आणखी एक गोष्ट आपल्या कामाची. तिथे कोहबर म्हणजे नवरानवरीची खोली रंगवणाऱ्या ब्राह्मण-कायस्थ बायांचा बोलबाला. दुसाध म्हणजे आपल्यासारखेच, गावकुसाबाहेरचे. १९७०नंतर दुसाध बायांनी वरच्यांची नक्कल करण्याऐवजी अंगावरच्या गोंदणाची नक्षी उचलली आणि आपला राजा सलहेस रंगवला. चानो देवीचं नाव त्यात मोठं. शिवन पासवान आणि शांती देवी पासवान या जोडप्याला २०२४ साली पद्मश्री मिळाली. पद्मश्रीचं कौतुक बाजूला ठेवा. त्यांनी उसना देव घेतला नाही, हे बघा.

आता आपली पोरं. वस्त्यावस्त्यांत बोर्ड पेंटर होते. दुकानांच्या पाट्या, निवडणुकीच्या भिंती, १४ एप्रिलचे बॅनर. फ्लेक्सने त्यांचं पोट मारलं. त्यांच्यातले काही आणि आर्ट स्कूल केलेली नवी पोरं आज टॉवरांत ‘वॉल आर्ट’ची कामं घेतात. चौकटी आखून स्केच मोठं करायचं, परांचीवर मान मोडेस्तोवर उभं राहायचं. काम इंटीरियर डिझायनरच्या मार्फत, पैसे स्क्वेअर फुटाने, तेही कापून. वर जायला सामानाची लिफ्ट. मासिकात भिंतीचा फोटो येतो तेव्हा खाली नाव डिझायनरचं.

ही कामं सोडा असं आम्ही म्हणणार नाही. उपाशीपोटी क्रांती करा सांगणारे स्वतः जेवून आलेले असतात. पण कॅनव्हास निदान प्रदर्शनात टांगता येतो. भिंतीवरचं चित्र मालकाच्या विटांना चिकटलं ते चिकटलं. पुन्हा बघायचं तर त्याच्या दाराची बेल वाजवायची, आणि दार उघडेलच असं नाही. तेव्हा कायदा वाचा. १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ म्हणतं की पैसे देऊन कुणी चित्र काढून घेतलं आणि वेगळा करार नसला, तर कॉपीराइट पैसेवाल्याचा. कलम ५७ तुमच्या बाजूचं: कॉपीराइट गेला तरी ‘हे माझं काम’ म्हणायचा हक्क जात नाही, आणि कामाची मोडतोड करून अब्रू घालवली तर कोर्टात जाता येतं. अमरनाथ सहगलांचं ब्राँझचं म्यूरल दिल्लीच्या विज्ञान भवनातून १९७९ साली सरकारनेच उखडलं. २००५ला दिल्ली हायकोर्टाने उरलेलं परत द्यायला लावलं, वर पाच लाख भरपाई. उखडण्यापासून निकालापर्यंत २६ वर्षं, आणि सहगल नावाजलेले शिल्पकार होते. आपल्यापाशी इतका वेळ नाही. काम धरण्याआधी कागद करा: रेट किती, अॅडव्हान्स किती, कॉपीराइट माझा, फोटोखाली नाव माझं, कोपऱ्यात सही माझी. सहीने डेकोर बिघडतं, मालक म्हणेल. बिघडू द्या.

आणि आपल्या स्वतःच्या भिंतींचं काय? वरळीच्या बीडीडी चाळीत खोली १६० चौरस फुटांची. भिंतीवर मांडणी, खुंट्या, फळीवर बुद्ध आणि बाबासाहेब. मोकळी भिंत पाहिली होती कुणी? १९७४च्या जानेवारीत याच चाळींत दंगल पेटली, १० तारखेच्या मोर्च्यावर वरून दगड आला आणि भागवत जाधव शहीद झाला. ऑगस्ट २०२५मध्ये तिथल्याच नव्या टॉवरांतल्या पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या मिळाल्या. घर ५०० चौरस फुटांचं. हॉलला एक लांब, रिकामी भिंत. तिच्यावर काय येणार? स्वित्झर्लंडचा वॉलपेपर? वास्तुवाल्याने सांगितलेले सात घोडे?

ती भिंत वस्तीतल्या पेंटर पोराला द्या. पूर्ण रेट द्या. जयभीमवाला आहे म्हणून फुकटात मागू नका, हा रोग आपल्यातही आहे. विषय चवदार तळ्याचा घेतलात, २० मार्च १९२७चा, तर नुसती बाबासाहेबांची ओंजळ नको, मागे निघालेली माणसंही येऊ द्या. आजा गिरणीत होता? मग साचेखात्याचं बंद दार काढा. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, विटाळ होईल म्हणून आपल्या माणसांना तिथे घेत नसत. हे कुठल्या दिवाणखान्यात दिसलंय?

जुनी माणसं एक हरकत घेतात. बाबासाहेबांचा चेहरा भिंतीवर रंगवू नका, ओल आली की पोपडे धरतात. म्हाताऱ्यांचं बरोबर आहे. चेहरा फ्रेममध्येच राहू द्या. चित्रासाठी आतली भिंत निवडा. बाहेरची जुलैत पाझरते, टॉवर कितीही नवा असो. मोरीला लागून असलेलीही नको. पुट्टी नीट वाळू द्या, प्रायमरचे दोन हात मारा. आणि खाली कोपऱ्यात पोराने सही केली की टीव्हीचं कपाट तिच्यावर सरकवू नका.