दोघांचीच सहल

मागे विहारात महिला मंडळाची बैठक झाली, तेव्हा भगिनींनी मला कोंडीतच पकडले. "तुम्ही दोघं पाठीवर पिशव्या टाकून लंकेला गेलात, त्यावर सदरात एक ओळ नाही. बाकी जगावर लिहिता." मी हसून वेळ मारून नेली. टाळत होतो त्याला कारण होते. 2024 च्या फेब्रुवारीत आम्ही जाऊन आलो, तेव्हा काहींनी तोंडावर आणि काहींनी पाठीमागे म्हटले होते, "एवढ्या पैशात विहाराला फरशी बसली असती." कार्यकर्त्या माणसाला असे बोलणे फार लागते.

म्हणून आधी हिशोब देतो. बी.कॉम. झालेला कारकून दुसरे काय देणार? दोन माणसे, आठ दिवस. विमानाचे जाण्यायेण्याचे 44 हजार. राहणे, खाणे, गाडीभाडे आणि तिकिटे मिळून 31 हजार. एकूण 75. त्यातले 50 मिसेसच्या भिशीचे, म्हणजे तिचे. उरलेले माझ्या बोनसचे. कोणाकडून उसने नाही आणि विहाराची वर्गणीही थकलेली नाही.

आता खरे सांगतो. आमच्या लग्नाला तेव्हा बावीस वर्षे झाली होती. या बावीस वर्षांत आम्ही फिरलो नाही असे नाही. नागपूरला दीक्षाभूमीवर गेलो, भीमा कोरेगावला गेलो, अजिंठा-वेरूळची सहल काढली. पण प्रत्येक वेळी मंडळाची बस आणि चाळीस-पन्नास माणसे. मी पुढच्या सीटवर यादी घेऊन बसलेला आणि ही मागे, पायाशी पिठाचा डबा घेऊन. जिथे मुक्काम तिथे बायका स्टोव्ह पेटवत. एकदा अजिंठ्याहून परतल्यावर मी सर्वांना अनुभव सांगायला लावले. हिची पाळी आली तेव्हा ही म्हणाली, "मी पोळ्या लाटत होते, लेण्यात जायला उशीर झाला. पुढच्या वेळी बघीन." सगळे हसले, मीही हसलो. समतेवर भाषणे देणाऱ्या माणसाला ते हसणे किती वर्षांनी टोचावे? अकरा.

लंका सुचवली लेकीने. श्रीलंका सरकारने भारतीयांना 31 मार्च 2024 पर्यंत व्हिसाची फी माफ केली होती. आधीच्या दोन वर्षांत तो देश पार मोडकळीला आला होता. पेट्रोलच्या रांगा, दिवे बंद, 2022 च्या जुलैत तर राष्ट्राध्यक्षच पळून गेले. परदेशी माणूस पुन्हा यावा म्हणून हे चालले होते. लेक म्हणाली, "पप्पा, मुंबईहून अडीच-तीन तासांचं विमान आहे. आणि मंडळ नाही न्यायचं, मम्मीला न्यायचं."

पासपोर्टसाठी हिच्या शाळेच्या दाखल्यावरचे नाव एक आणि आधार कार्डावरचे दुसरे निघाले. त्यात चार महिने गेले, ते सांगत बसत नाही. मुलाच्या ट्रेकिंगवाल्या मित्रांकडून दोन सॅक मागून आणल्या. मग सराव. सॅकमध्ये आठ-आठ किलो तांदूळ भरून आम्ही रोज रात्री आमच्या इमारतीचे सात मजले चढउतार करायचो. लिफ्ट चालू असताना ही दोघे जिन्याने तांदूळ का वाहतात, असा प्रश्न शेजाऱ्यांना पडला. रविवारी बोरिवलीहून कान्हेरीला चालत. हिने जन्मात पहिल्यांदा पायात बूट घातले. पहिले दोन दिवस आरशात पायच बघत होती.

श्रीलंका आपल्या महाराष्ट्राच्या पाव भागाहूनही लहान. एका रुपयाला तिथले पावणेचारच्या आसपास रुपये मिळत होते, त्यामुळे खिसा उगाच जड वाटायचा. लाल सरकारी बस बघून एसटीची आठवण येते आणि रिक्षा तर आपल्या बजाजचीच, फक्त नाव टुकटुक. चटणीला ते सांबोल म्हणतात. पहिल्या घासालाच ही म्हणाली, "यात सुकी मासळी आहे." खरेच होती. उंबलकड नावाचा वाळवलेला मासा त्यात कुटून घालतात. बाजारात बोंबील पारखणाऱ्या बाईला कोण फसवणार!

अनुराधपुरात पांढऱ्या कपड्यांतली गर्दी होती, आपल्या वंदनेला असते तशीच. संघमित्रेने आणलेल्या बोधिवृक्षाच्या फांदीचे झाड तिथे आहे. जेतवनारामय हा निव्वळ विटांचा स्तूप मूळचा सुमारे 122 मीटर उंच होता असे सांगतात. भर दुपारी अनवाणी फरशीवरून जाताना आम्ही दोघे अक्षरशः उड्या मारत पळालो. माझ्या माहितीत आम्ही दोघे एकत्र पळालो ते तेव्हाच. आणखी एक गंमत. त्यांच्या महावंस ग्रंथात लिहिले आहे की, विजय राजपुत्राचे जहाज लंकेला लागण्याआधी सुप्पारकाला लागले होते. सुप्पारक म्हणजे आपले नालासोपारा. ही म्हणाली, "म्हणजे वेस्टर्न लाइननेच आला की!"

बसने कँडीला आलो आणि पुढच्या गाडीची चौकशी करायला स्टेशनवर बसलो. दोन तास बसलो. तिथे एक गोष्ट लक्षात आली. आम्हाला बोलायला विषयच नव्हता. घरी मुले, पाणी, गॅस, मयत, लग्न, मीटिंग, यावर दिवस निघतो. इथे त्यातले काहीच नाही. मी खिशातले तिकीट चार वेळा काढून पाहिले. शेवटी हिनेच विचारले, "बाबासाहेब इथंच आले होते ना?"

हा माझा विषय. मी सुरू झालो. 1950 च्या मे महिन्यात बाबासाहेब माईसाहेबांसह लंकेला आले. तेव्हा ते देशाचे कायदामंत्री होते. इथे कँडीत जागतिक बौद्ध परिषद भरली, तिला ते प्रतिनिधी म्हणून नव्हे, पाहुणे म्हणून हजर राहिले. कोलंबोत त्यांचे भाषण झाले. ही शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "आणि माईंनी काय बघितलं असेल हो?"

या विषयावर मी दोनदा व्याख्यान दिले आहे. हा प्रश्न मला कधी पडला नव्हता आणि उत्तरही माहीत नव्हते. त्यानंतर मात्र आम्ही संध्याकाळपर्यंत बोलत होतो. माईंवरून हिच्या आईवर आलो, आईवरून हिच्या अर्ध्यात सुटलेल्या शाळेवर. अकरावीला हिला विज्ञान घ्यायचे होते, हे मला बावीस वर्षांनी कँडी स्टेशनवर कळले.

हॅटनची गाडी खचाखच भरून आली. बिनआरक्षित डबा. मी सभ्यपणे बाजूला उभा राहिलो. गाडी थांबायच्या आत ही आत शिरली आणि खिडकीतून सॅक मागितली. अंधेरीहून 6.20 ची लोकल पकडणाऱ्या बाईला कँडीची गर्दी काय! चौथी सीट तिने माझ्यासाठी धरून ठेवली.

पुढे चहाचे मळे लागतात. फोटोत हिरवे गालिचे दिसतात. पण त्या हिरव्यात पाठीला टोपली लावून बायका उभ्या असतात. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात तमिळ मुलुखातून हे मजूर आणले. त्यांच्यात आपल्यासारखी अस्पृश्य ठरवलेली माणसे फार मोठ्या संख्येने होती. 1948 च्या कायद्याने त्यांचे नागरिकत्वच गेले. 1964 च्या शास्त्री-सिरिमाओ करारानंतर लाखो माणसे भारतात पाठवली गेली आणि मागे उरलेल्यांना पूर्ण हक्क मिळायला 2003 साल उजाडले. त्यांच्या ओळीने बांधलेल्या खोल्या रस्त्यावरून दिसल्या. दहा बाय बारा, पुढे दोरीवर कपडे. ही म्हणाली, "आपली जुनी वस्ती." आम्ही फोटो काढला नाही.

श्रीपादाच्या पायथ्याशी नल्लतन्नी म्हणून गाव आहे. तिथे एका सिंहली बाईंच्या घरात खोली घेतली. बाई पन्नाशी ओलांडलेल्या, हसतमुख. दार उघडताच हिला म्हणाल्या, "नंगी, एन्न!" हिचा चेहरा बघण्यासारखा झाला. ओढणी सावरत माझ्या मागे सरकली. बाईंचा भाचा इंग्रजी जाणणारा होता, त्याने खुलासा केला. सिंहलीत नंगी म्हणजे धाकटी बहीण आणि एन्न म्हणजे या. त्या रात्री जेवताना आठवून आठवून आम्ही हसलो. जेवण बाईंनी वाढले. ही सवयीने ताटे उचलायला उठली, तर त्यांनी दंड धरून खाली बसवले.

श्रीपाद 2,243 मीटर उंच. आपले कळसूबाई 1,646. पायऱ्या पाच हजारांच्या वर. डिसेंबरच्या पौर्णिमेपासून वैशाख पौर्णिमेपर्यंत यात्रा चालते, रात्रभर वाटेवर दिवे असतात. माथ्यावर एक पाऊल आहे. बौद्ध ते बुद्धाचे मानतात, हिंदू शिवाचे, मुसलमान आणि ख्रिस्ती आदमचे. पाऊल कोणाचे यावर मी वाद घालणार नाही. चौघांच्या माणसांना एकच जिना चढावा लागतो, एवढे पाहिले.

रात्री दोनला निघालो. पहिला तासभर मी पुढे होतो आणि हिला श्वास कसा घ्यायचा ते शिकवत होतो. शेवटच्या टप्प्यात पायऱ्या उभ्या होत जातात, लोखंडी कठडा धरून चढावे लागते. तिथे माझ्या पोटरीत गोळा आला. असा की खाली बसलो आणि उठता येईना. थंडीने दात वाजत होते. मी म्हटले, "अगं, इथूनच परत फिरू." ही काही बोलली नाही. पिशवीतून मीठ-साखरेचे पाणी काढले. शेजारी टेकलेल्या एका आजीबाईने बामची बाटली पुढे केली. ही माझा पाय चोळत राहिली. आजी आणि ही, दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. काही वेळाने आजी पुटपुटत त्रिसरण म्हणू लागली आणि हिने पुढचे शब्द उचलले. पाली दोघींचीही एकच.

मग ही मला म्हणाली, "अहो, लहानपणी आमच्या गावच्या विहिरीला नव्वद पायऱ्या होत्या. डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी. मी कधी मोजून थकले नाही, न मोजता चढले. तुम्ही मोजताय म्हणून थकताय." आणि ती पुढे झाली. उरलेल्या पायऱ्या मी तिच्या टाचांकडे बघत चढलो.

वर सूर्य उगवला, तेव्हा सगळी गर्दी पूर्वेकडे. आजीने आम्हाला खुणेने पश्चिमेला नेले. तिथे डोंगराची सावली खालच्या धुक्यावर रेखीव त्रिकोणासारखी पडली होती. माथ्यावर एक घंटा आहे. जितक्यांदा चढलात तितके टोल द्यायचे. आजीने बरेच दिले, मी मोजायचे नाही असे ठरवले होते. हिने एक दिला. मी हात पुढे केला तर म्हणाली, "थांबा, तो वाजू द्या पुरता."

परतल्यावर सॅक धुऊन मुलांना परत केल्या. गेल्या नोव्हेंबरात, 2025 मध्ये, दित्वाह चक्रीवादळ लंकेवर आले. डोंगराळ भागात दरडी कोसळल्या, रेल्वेमार्ग उखडले, शेकडो माणसे गेली. त्या मळ्यांतल्या ओळीच्या खोल्या टीव्हीवर शोधत ही रात्री एकपर्यंत जागी होती. नल्लतन्नीचा फोन तीन दिवस लागला नाही. चौथ्या दिवशी भाच्याने उचलला. घर वाचले होते, रस्ता तुटला होता, वीज नव्हती. बोलता बोलता त्याच्या हातातून फोन कोणीतरी घेतला. मी स्पीकर लावला होता. बाईंचा आवाज आला, "नंगी?"

ही रडायला लागली. मग दोघी आपापल्या भाषेत बराच वेळ बोलत होत्या.