गावाच्या नावात रेल्वे, गावात गाडी नाही

धारणी तालुक्यातल्या एका गावाचं नावच 'धूळघाट रेल्वे' आहे. नाव राहिलं, गाडी गेली. अकोला-खंडवा मीटरगेज लाईन 2017 च्या सुरुवातीला बंद झाली. रूळ रुंद करायचे, असं कारण सांगितलं. अकोटपर्यंत रूळ रुंद झाले, तिथवर गाडीही पुन्हा आली. पुढे जंगल लागतं, तिथे काम अडलं.

जुनी लाईन मेळघाट व्याघ्र प्रकल्पातून सुमारे 39 किलोमीटर जाते. वाघाला त्रास नको, मार्ग बाहेरून न्या, असं 2020 मध्ये तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी रेल्वेमंत्र्यांना लिहिलं. वाद झाला तो वाघ आणि रेल्वे यांचा. वान रोडला, धूळघाटला गाडीत चढणारा कोरकू माणूस त्यात कुठेच नव्हता. अकोटचा बाजार, अकोल्याचा दवाखाना, मजुरीचं गाव, सगळं या गाडीवर होतं.

आम्ही वाघाच्या विरोधात नाही. वाघ आणि आपण एकाच जंगलात राहत आलो. लाईन बाहेरून जायची तर जाऊ दे. पण वाघासाठी गाव उठवताना आणि वाघासाठी गाडी वळवताना विचारायचं कुणाला? 2006 चा वनहक्क कायदा सांगतो, ग्रामसभेच्या लेखी संमतीशिवाय अभयारण्यातून गाव हलवता येत नाही. मग गावाचा रस्ता बंद करताना ग्रामसभा का आठवत नाही?

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. व्याघ्र प्रकल्प 1974 चा, रूळ त्याच्याही आधीचे. स्टेशन होतं म्हणजे माणसं होती. वनहक्काच्या दाव्याला जुने सरकारी कागद पुरावा म्हणून चालतात, आणि दावेदार सोडून गावातल्या म्हाताऱ्या माणसांचा लिहून घेतलेला जबाबही चालतो. रूळ टाकताना पाहिलेले, गाडीने फिरलेले आजा-आजी अजून आहेत. ते आहेत तोवर लिहून घ्या.

म्हणून येत्या ग्रामसभेत तीन ठराव करा. गाडी येत नाही तोवर रोज एसटी पाहिजे, पावसाळ्यातही. जुन्या लाईनची आणि स्टेशनची जागा ग्रामसभेला विचारल्याशिवाय कुणाला देऊ नये. म्हाताऱ्यांचे जबाब वनहक्क समितीने नोंदवावेत. ठरावाची एक प्रत तहसीलला द्या, पोच घ्या, दुसरी गावात ठेवा.

गाडी कधी येईल ते दिल्ली ठरवेल. आपला कागद आपणच करायचा आहे.