रक्त काढून मांस ओळखणारे

सुरुवातीलाच सांगतो, मी बीफ खात नाही. माझं डोकं फिरलंय ते मॉडेलवरून.

तर भानगड अशी. बीफची प्रत जनावर कापल्यावरच नीट कळते. अमेरिकेत १२व्या आणि १३व्या बरगडीमध्ये छेद देऊन मांसात चरबीची जाळी किती पसरलीय ते बघतात नि प्राइम, चॉइस, सिलेक्ट असा शिक्का मारतात. जपानात वाग्यू बैल अडीचेक वर्षं पोसायचा, मग निकाल! एवढं खाऊ घालून शेवटी नापास. म्हणून कल्पना निघाली, की जिवंतपणीच रक्त काढा, त्यातली प्रथिनं मोजा आणि निकाल आधीच सांगा.

कल्पना झकास आहे. लेप्टिन चरबीबरोबर वाढतं हे खरंच आहे. (पण चरबी बघायला अल्ट्रासाउंड आहेच की!)

घोळ पुढे आहे. यंत्र एका नमुन्यात शेकडो प्रथिनं मोजतं. समजा ४० बैल आणि ५०० रकाने. अहो, कुठलाही फ्रेशर सांगेल, यातून काहीतरी 'जुळणारं' निघणारच. मी स्वतः हा गाढवपणा केलाय. ऑफिसात मॉडेल पैकीच्या पैकी, क्लायंटकडे गेल्यावर तोंडावर आपटलो.

माणसांच्या बाबतीत हे होऊन गेलंय. २००२ साली 'लॅन्सेट'मध्ये पेपर आला: रक्तातल्या प्रथिनांच्या नक्षीवरून अंडाशयाचा कॅन्सर, ५० पैकी ५० रुग्ण बरोबर ओळखले! पुढे बॅगर्ली वगैरे मंडळींनी त्या गटाचा खुला डेटा तपासला. बराचसा फरक आजाराचा नसून नमुने हाताळण्याचा नि यंत्राच्या सेटिंगचा असावा, असं दिसलं. तेव्हा निदान भांडायला पेशंट होते. बैल काय बोलणार?

आणि मांसाचा मऊपणा? तो बराचसा कापल्यानंतर ठरतो. कॅल्पेन नावाची एन्झाइम्स स्नायू मऊ करतात, कॅल्पास्टॅटिन त्यांना अडवतं. त्यात कत्तलीआधी जनावर घाबरलं, दमलं, की स्नायूतलं ग्लायकोजेन संपतं आणि मांस काळपट पडतं. सहा महिन्यांपूर्वी काढलेल्या रक्ताला हे कसं कळणार, सांगा ना!

माझा संशोधनाला विरोध नाही. पण आधी दुसऱ्या गोठ्यातली, दुसऱ्या जातीची, दुसऱ्या मोसमातली जनावरं घ्या आणि कापण्यापूर्वी भाकीत लिहून ठेवा. ते न करता टेस्ट विकायला काढलीत, तर चुकीचा रिपोर्ट बघून चांगलं वासरू स्वस्तात विकणारा शेतकरीच असेल. पेपर तर तोवर छापून झालेला असेल.